छाटणीचे ऋण

पुण्याच्या आसपासच्या द्राक्षपट्ट्यांत पावसाळा ओसरल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास, फळछाटणी होते. बागायतदार तिला गोडी छाटणी असेही म्हणतात. या छाटणीत वेलीवरच्या पक्व काड्या मोजके डोळे राखून वरून कापल्या जातात आणि कापलेला भाग बहुधा बांधावर जातो. या टाकलेल्या भागातून पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी निवडून ती शहरातल्या एखाद्या गच्चीवर वाळू, माती आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत खोचली, तर काही आठवड्यांत तिला मुळ्या फुटतात आणि एक स्वतंत्र वेल उभी राहते. पुढे त्या वेलीला बांबूचा आधार देऊन, सुतळीने बांधून, नको असलेली फूट खुडून आणि वर्षातून दोनदा कापून वळण लावावे लागते. या साध्या घरगुती व्यवहारातून तत्त्वज्ञानाचे दोन प्रश्न उभे राहतात: मूळ वेलीपासून तुटूनही न मेलेली ही काडी नेमकी कोण आहे, आणि तिला कापून, वाकवून, बांधून हवा तो आकार देण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो?

व्यापारी बागायतदाराला दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर देता येते, कारण बाग ही त्याची उपजीविका असते आणि उपजीविकेतील अपरिहार्य हिंसेची दखल धर्मग्रंथांनीही घेतलेली आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध ब्राह्मणाला जो उपदेश करतो, त्यात नांगराखाली मरणाऱ्या प्राण्यांबरोबर धान्याच्या दाण्यांतील जीवांचाही उल्लेख येतो. पुण्यात गच्चीवर पिंपात वेल लावणाऱ्या गृहस्थाला मात्र हे उत्तर उपलब्ध नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडईत द्राक्षे मुबलक येतात आणि त्याने वेल लावली नसती तरी त्याचे काहीही अडले नसते. चार-दोन घडांच्या हौसेसाठी तो एका सजीवावर वर्षानुवर्षे कात्री चालवतो. म्हणून त्याच्याबाबतीत हा प्रश्न कोणत्याही सबबीशिवाय उभा राहतो, आणि येथे त्याचाच विचार करावयाचा आहे.

आधी काडीकडे पाहिले पाहिजे. लावणीसाठी निवडायची काडी एका वर्षाची, हिरवेपणा जाऊन तपकिरी झालेली आणि करपा रोगाचे डाग नसलेली असावी लागते. तिचा खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा घेतात आणि वरचा काप सर्वांत वरच्या डोळ्यापासून थोडे अंतर सोडून तिरपा घेतात, जेणेकरून लावताना वरची आणि खालची बाजू यांची गल्लत होऊ नये. ही काळजी निरर्थक नाही, कारण काडीला स्वतःची दिशा असते: वेलीवर असताना जे टोक बुंध्याकडे होते तेथेच मुळ्या फुटण्याची प्रवृत्ती राहते, आणि काडी उलटी खोचली तरी ती प्रवृत्ती बदलत नाही. वनस्पतिशास्त्रात या गुणाला ध्रुवता म्हणतात; ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक पेशींतून शेंड्याकडून बुंध्याकडे वाहते, हे तिचे एक प्रमुख कारण आहे. दुसरी गोष्ट अशी की काडीवर पहिली पाने दिसली म्हणजे ती जगली असे होत नाही, कारण ती पाने काडीत साठलेल्या अन्नावर फुटतात आणि मुळ्या बहुधा त्यानंतर येतात. या मधल्या काळात अतिपाण्याने किंवा मुळ्या पाहण्याच्या अधीरतेने कित्येक काड्या मरतात.

ही विद्या या देशात जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदावरील अध्यायात फांदी लावून वाढवायच्या वनस्पतींची यादी दिली आहे, तीत फणस, अशोक, केळ, जांभूळ आणि डाळिंब यांच्याबरोबर द्राक्षाचे नाव स्पष्टपणे येते, आणि फांदीला शेण माखून ती लावावी असा विधीही तेथे सांगितला आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात स्थावरांचे वर्गीकरण करताना बीजापासून उगवणारे आणि कांडापासून, म्हणजे खोडाच्या तुकड्यापासून, उगवणारे असे दोन प्रकार मानलेले आहेत, आणि त्यानंतर लगेच या सर्वांना आंतरिक जाणीव असते व सुखदुःख असते असे म्हटले आहे. लावणीचे तंत्र आणि जाणिवेचा प्रश्न हे दोन विषय प्राचीनांच्या विचारात असे शेजारी-शेजारीच आलेले दिसतात.

काडी कोण आहे, या प्रश्नाचा आरंभ छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायापासून करणे योग्य ठरेल. तेथे उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतू याला सांगतो की मोठ्या वृक्षावर मुळाशी, मध्ये किंवा शेंड्याशी घाव घातला तर त्यातून रस पाझरतो पण वृक्ष जगतो, कारण त्यात जीव भरून राहिलेला असतो. जीवाने एक फांदी सोडली तर ती फांदी वाळते, दुसरी सोडली तर दुसरी वाळते, आणि सगळा वृक्ष सोडला तर सगळा वाळतो. यावरून शरीर मरते, जीव मरत नाही, असा निष्कर्ष काढलेला आहे. छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या कापातून थेंब थेंब पाणी गळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या वर्णनाचा पहिला भाग पटतोच. अडचण दुसऱ्या भागात येते. वाळलेली फांदी म्हणजे जीवाने सोडलेली फांदी, असे धरले, तर तोडूनही न वाळलेल्या काडीबद्दल दोनच पर्याय उरतात: एक तर मूळ वेलीचा जीव आता दोन ठिकाणी आहे, किंवा काडीत दुसरा कोणी जीव आलेला आहे. उद्दालकाला देहापासून जीवाचे वेगळेपण दाखवायचे होते, लावणीचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. परंतु त्याच्या दृष्टांतातूनच तो निघतो.

न्यायदर्शनाला यातला पहिला पर्याय मान्य होणे शक्य नाही. या दर्शनानुसार आत्मा निरवयव, म्हणजे ज्याचे तुकडे पडत नाहीत असा, आणि विभू, म्हणजे सर्वव्यापी आहे. त्यामुळे काडी तुटल्याने आत्मा तुटत नाही, तर ती काडी दुसऱ्या एखाद्या आत्म्याचे, त्याच्या कर्मानुसार मिळालेले, नवे शरीर बनते. अर्थात वनस्पती हे शरीर आहे की नाही याबद्दल न्याय-वैशेषिक परंपरेतच मतभेद होता: प्रशस्तपादाने स्थावरांची गणना पृथ्वीच्या ‘विषय’ या विभागात, म्हणजे माती-दगडांच्या शेजारी, केली होती, आणि पुढे उदयनाचार्यांनी जगणे, मरणे, झोप, जाग, रोग आणि औषधाचा परिणाम ही लक्षणे दाखवून वनस्पतींचे शरीरत्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, शंकरमिश्रांनी त्यात मोडलेला व जखमी झालेला भाग भरून येण्याच्या लक्षणावर भर दिला. न्यायाचे उत्तर तर्कशुद्ध आहे, पण ते काडीला लागू करताना एक गोष्ट सुटत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली काडी काही दिवस फुटतही नाही आणि मरतही नाही. त्या अवधीत ती कोणाचे शरीर मानायची?

जैन आगमांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाकडून धरला आहे. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात वनस्पतिजीवांचे प्रकार सांगताना ज्यांचे बीज शेंड्यात आहे, मुळात आहे, पेऱ्यात आहे, खोडात आहे आणि जे बियांपासून उगवतात, असे भेद केले आहेत. म्हणजे तेथे पेरे आणि खोड हीही बीजेच मानली आहेत. शिवाय प्रज्ञापना सूत्रानुसार एकाच झाडाच्या मुळात, खोडात, सालीत असंख्य जीव असतात आणि प्रत्येक पानात आपापला जीव असतो. या मताप्रमाणे वेल हे आधीपासूनच जीवांचे गाव आहे, आणि काडी तुटते तेव्हा कोणताही जीव दुभंगत नाही व बाहेरून कोणाला यावेही लागत नाही.

बौद्ध विनयपिटकात जवळजवळ हीच यादी आढळते: मूळ, खोड, पेरे, शेंडा आणि बी अशी पाच प्रकारची बीजे सांगून भिक्षूने वनस्पती तोडू नये असा नियम घातला आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ पासून काही वर्षे पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबींनी संघाचे नियम मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले. या नियमामागची भूमिका लक्षणीय आहे, कारण बौद्ध परंपरेने वनस्पतींना चेतन प्राण्यांत निश्चितपणे गणलेले नाही आणि आत्मा तर कोणातच मानलेला नाही. लोक वृक्षांना सजीव समजतात, त्या समजुतीला धक्का लागतो, असे कारण नियमाच्या कथेत येते. काडी तीच की दुसरी, या प्रश्नाला बौद्ध विचार संततीच्या, म्हणजे अखंड चालणाऱ्या कार्यकारणप्रवाहाच्या, आधारे उत्तर देईल: ती तीच म्हणता येत नाही आणि दुसरीही म्हणता येत नाही.

द्राक्षाच्या बाबतीत हा वाद केवळ पुस्तकी राहत नाही. महाराष्ट्रात ज्या जातीने द्राक्षशेतीचा चेहरा बदलला ती थॉमसन सीडलेस ही पश्चिम आशियातल्या किसमिस किंवा सुलताना या जुन्या जातीचेच दुसरे नाव आहे. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन यांनी तिची लागवड केल्यावरून हे नाव पडले. या जातीत परागण आणि फलन होते, बी धरू लागते, पण त्यातील गर्भाची वाढ लवकरच थांबते आणि मण्यात त्याचा केवळ मागमूस उरतो. त्यामुळे ही वेल बीजातून पुढे जाऊ शकत नाही. शतकानुशतके ती काडीमागून काडी, माणसाच्या हातून माणसाच्या हाती, अशीच चालत आलेली आहे. जगभरच्या या जातीच्या सगळ्या वेली एका अर्थाने एकाच वेलीचा विस्तार आहेत. तरीही त्या तंतोतंत एक राहिलेल्या नाहीत: सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, बोरगाव येथे वसंतराव आर्वे यांनी याच जातीतून तास-ए-गणेश ही वेगळ्या गुणांची जात निवडली, आणि सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी पुढे तास-ए-गणेशमधून लांब मण्यांची सोनाका निवडली. असे बदल एखाद्या डोळ्यात अचानक घडतात आणि त्या डोळ्याच्या काडीतून पुढे टिकतात. डोळ्याडोळ्याला स्वतंत्र भवितव्य असणे ही गोष्ट आत्म्याच्या एकत्वावर आधारलेल्या मतांपेक्षा जैन वर्णनाशी अधिक जुळते, असे म्हणावे लागेल. मात्र कर्तव्याचा विचार करताना बौद्धांचा ‘तीच नव्हे आणि दुसरीही नव्हे’ हा निर्णय अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात एका वेलीचे देणे तिच्या काडीकडे जाण्याची वाट मोकळी राहते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. थंड प्रदेशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळते, काही महिने सुप्त राहते आणि वसंतात फुटते. तेथील छाटणी वेलीच्या झोपेत होते. पुण्यात हिवाळी रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरले तरी वेलीला झोपवण्याइतकी थंडी पडत नाही, आणि कापली नाही तर ती बाराही महिने शेंड्याकडे वाढत राहते, खालचे डोळे मिटलेले राहतात आणि फळ थोडे येते. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तेथे द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद केली, तिचे मूळ याच हवामानात आहे. आजच्या महाराष्ट्रात यावर जी पद्धत रूढ झाली आहे तीत दोन छाटण्या आणि एक पीक असते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यात ओलांड्यावरच्या (वेलीच्या आडव्या, कायम ठेवलेल्या बाहूवरच्या) काड्या एक-दोन डोळ्यांवर कापून नवी फूट घेतली जाते, आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यातून घड बाहेर पडतात. म्हणजे या प्रदेशात कात्री ऋतूचे काम करते. ऋतू जे करतो त्याला कोणी हिंसा म्हणत नाही; तेच काम माणूस करतो तेव्हा तो ऋतूसारखा निर्दोष राहतो का, हा खरा पेच आहे.

पेच सर्वांत तीव्र होतो तो पहिल्या वर्षी. रुजलेल्या रोपाची वर्षभराची वाढ बहुधा बारीक, वाकडी आणि असमान असते. म्हणून जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत ते रोप जमिनीलगत दोन-तीन डोळ्यांवर परत कापतात, आणि बागायतदारांच्या बोलीत याला रिकट म्हणतात. वर्षभर जपलेली सगळी वाढ या एका कापात जाते. त्यानंतर जोमाने येणाऱ्या फुटींतली एकच सरळ फूट ठेवून ती बांबूला बांधत वर नेतात, बगलफुटी खुडतात, आणि ती मांडवाच्या तारेजवळ पोहोचली की तारेखाली शेंडा मारून दोन फुटी दोन दिशांना वळवतात. त्यांचेच पुढे ओलांडे होतात. नाशिककडे पूर्वी वेली जिवंत पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवत असत, तेव्हाही वेलीला सरळ वाढवून हाताच्या उंचीवर फळाला आणणे हाच हेतू होता.

या सगळ्याला ‘वळण लावणे’ म्हणतात आणि त्याचा विचार संस्कार या संकल्पनेच्या आधारे करता येतो. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांच्या मते ज्यामुळे एखादी वस्तू कोणत्यातरी प्रयोजनास योग्य होते तो संस्कार. पांडुरंग वामन काणे यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रकाशित केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात संस्कारांचा विचार मांडताना याचा परामर्श घेतला आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात म्हणतात की संस्कार दोन रीतींनी होतो, गुण घालून किंवा दोष काढून. रोगट काडी कापणे हे दोष काढणे झाले, बांबूला बांधून सरळ करणे हे गुण घालणे झाले. पण निरोगी, वाढती फूट केवळ ती दुसऱ्या फुटीच्या आड येते म्हणून कापणे, हे यांपैकी काय? त्या फुटीत दोष नाही, आणि तिला स्वतःला कोणताही गुण मिळत नाही. शबरस्वामींच्या व्याख्येतील ‘कोणते तरी प्रयोजन’ हे येथे वेलीचे आहे की गृहस्थाचे, हे विचारल्यावर प्रामाणिक उत्तर एकच मिळते. रानातली वेल झाडाच्या शेंड्यापर्यंत चढून उजेडात फळते. तिला चार हात उंचीचा मांडव नको असतो. बिनबियांच्या जातीला माणसावाचून वंशच नाही, म्हणून तिच्यावरची सत्ता तिच्याच हिताची आहे, हा युक्तिवादही पुरेसा नाही, कारण ते परावलंबन माणसाच्याच निवडीने टिकलेले आहे.

ख्रिस्ती परंपरेत हाच पेच द्राक्षवेलीच्याच रूपकातून सोडवलेला आढळतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला वेल, पित्याला माळी आणि शिष्यांना फाटे म्हणतो. न फळणारा फाटा काढून टाकला जातो आणि फळणारा अधिक फळावा म्हणून छाटला जातो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुणे जिल्ह्याच्या एका खेड्यातून हे रूपक साध्या मराठीत आले. या रूपकात छाटणीइतकेच महत्त्व एकमेकांत राहण्याला आहे: फाट्याने वेलीत राहायचे आणि वेलीने फाट्यात. कापणारा तेथे परका नाही, तो नात्यातला आहे आणि सोडून जाणारा नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल रानटी जैतुनाची फांदी लागवडीच्या झाडावर कलम केल्याचा दाखला देतो आणि हे निसर्गाविरुद्ध आहे असे स्वतःच म्हणतो. महाराष्ट्रातील बागेत क्रम उलटा असतो, टेक्सासकडील रानवेलीतून आलेल्या डॉगरिज या काटक खुंटावर गोड जातीचे पाचर कलम बांधतात, कारण तो खुंट पाण्याची टंचाई आणि क्षार अधिक सोसतो. गच्चीवरच्या वेलीला खुंटाची गरज असतेच असे नाही, आणि ती स्वतःच्या मुळ्यांवरही चांगली वाढू शकते.

तथापि या विषयातील सर्वांत निर्णायक वचन महाभारताच्या शांतिपर्वात आहे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, आणि तिच्यातील शांतिपर्वाचे संपादन श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी केले. या पर्वातील भृगू आणि भरद्वाज यांच्या संवादात भरद्वाज विचारतो की वृक्ष ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग त्यांचा देह पंचमहाभूतांचा कसा मानावा. भृगू एकेक लक्षण पुढे करतो: उष्णतेने पाने कोमेजतात म्हणून त्यांना स्पर्श आहे, गडगडाटाने फुले-फळे गळतात म्हणून त्यांना श्रवण आहे, वेल वृक्षाला वेढते आणि चहूकडे जाते, आणि दृष्टीवाचून वाट सापडत नाही, म्हणून त्या पाहतात. अखेरीस तो म्हणतो की वृक्षांना सुखदुःखाचे ग्रहण होते आणि कापलेला भाग पुन्हा उगवतो, यावरून त्यांच्यात जीव आहे आणि ते अचेतन नाहीत.

वेल पाहते हे म्हणणे आजच्या वनस्पतिशास्त्राला त्या शब्दांत मान्य होणार नाही. वेलीच्या बाळ्या, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, स्पर्शाने वळतात हे आता ठाऊक आहे. पण शेवटच्या लक्षणाचे बळ अजून तसेच आहे. छाटणी करणाऱ्याचे नेहमीचे समाधान असे असते की कापले तरी काय झाले, वेल पुन्हा फुटते. भृगूसाठी मात्र नेमके हे पुन्हा फुटणेच, ज्याला कापले तो सजीव आहे, याचा पुरावा आहे. ज्या गुणावर छाटणीचे सगळे शास्त्र उभे आहे त्याच गुणाने छाटणी हा धर्माचा विषय बनतो, आणि म्हणून पुन्हा फुटण्याची सबब पुढे करून कापणाऱ्याला सुटता येत नाही. दगडावर छिन्नी चालवणाऱ्यापुढे हा प्रश्न नाही, कारण दगड पुन्हा येत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील ऊर्ध्वमूल अश्वत्थ असंगाच्या, म्हणजे अनासक्तीच्या, शस्त्राने तोडायचा आहे, पण तो पुन्हा फुटू नये म्हणून. द्राक्षाचा माळी पुन्हा फुटावे म्हणून कापतो, आसक्तीने कापतो, आणि अनासक्तीचा दाखला त्याच्या कामी येत नाही.

छाटणी ही हिंसा आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते, आणि असे पुढे जाण्याची रीत मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाला सांगितलेली आहे. तेथे गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे वधाची स्थाने, मानली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांच्या वापरात नकळत जीव मरतात; ते वापरू नका असे स्मृती म्हणत नाही, आणि त्यात पाप नाही असेही म्हणत नाही. ती त्यांच्या बदल्यात अध्ययन, पितृतर्पण, होम, भूतबली आणि अतिथिपूजा हे पाच महायज्ञ रोजच्या रोज करायला सांगते. या योजनेचे मर्म ‘रोज’ या अटीत आहे: हिंसा रोज घडते, म्हणून तिचे देणेही रोजचे असते, आणि एकदा मोठे दान देऊन ते फिटत नाही. घरात द्राक्षवेल लावणाऱ्याने कात्री ही सहावी सूना मानावी, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे. आणि पहिल्या पाच अनवधानाने घडतात तर ही जाणूनबुजून घडते, त्यामुळे तिचे देणे त्यांच्याहून थोडे जडच आहे.

हे देणे कशाने द्यायचे हे वेलच सांगते. कात्री धारदार असावी, काप स्वच्छ असावा आणि मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी. बुंधा जाड होऊ लागला की बांधलेली सुतळी त्यात रुतते, म्हणून ती वेळोवेळी सैल करावी लागते. आधार म्हणून बांधलेली दोरी विसरली गेली तर फास होते, आणि घरगुती वेलींच्या बाबतीत हा अपराध कापण्यापेक्षा अधिक वेळा घडत असावा. लहान वेलीने पहिल्याच हंगामात घड दाखवले तर ते काढून टाकणे इष्ट असते, म्हणजे ज्याच्यासाठी कापले ते फळ गृहस्थाने स्वतः आधी सोडायचे. पुण्याच्या पावसाळ्यात केवडा आणि कोरड्या थंडीत भुरी हे बुरशीजन्य रोग येतात. म्हणून जातीची निवडही नैतिक निवड ठरते, कारण रोगाला सहज बळी पडणारी जात लावणे म्हणजे फवारणीच्या हिंसेची मालिका घरात आणणे होय. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधन संस्थेने कटॉबा ही अमेरिकी कुळातली जात आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय ५१६ ही जात विकसित केली, ती बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी तोंड देते; १९९७ साली सुरू झालेल्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानेही रसासाठी मांजरी मेडिका ही जात दिली आहे. घरच्या वेलीसाठी बाजारात मागणी असलेल्या जातीचा हट्ट धरण्यापेक्षा अशा जातींचा विचार करणे अधिक योग्य ठरते.

या देण्याला एक मर्यादाही आहे. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत, उघड्या डोळ्यांना न दिसणारे, पुढच्या घडांचे सूक्ष्म अंकुर तयार होतात. आरंभी हा अंकुर घडाचाही नसतो आणि बाळीचाही नसतो. सूर्यप्रकाश पुरेसा मिळाला, फुटींची गर्दी झाली नाही आणि वाढीला आवर बसला तर त्याचा घड होतो, नाहीतर बाळी होते. म्हणजे जो भाग फळ होऊ शकतो तोच आधार शोधणारा हातही होऊ शकतो, आणि यातले काय व्हायचे हे मे-जूनच्या उन्हात, बंद डोळ्याच्या आत ठरते. गृहस्थ फुटी विरळ करू शकतो, पाने उन्हात राहतील असे बांधू शकतो, त्यापलीकडे त्याचा हात पोहोचत नाही. संस्काराने योग्यता येते असे शबरस्वामी म्हणतात, फळ येते असे ते म्हणत नाहीत. मुलाच्या शिक्षणाविषयी हे सहसा कोणी मान्य करत नाही, वेलीविषयी ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते.

द्राक्षवेल नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ फळते. इतक्या अवधीत पुण्यातले घर बदलू शकते, वाडा किंवा जुनी सोसायटी पुनर्विकासाला जाऊ शकते, गृहस्थ वृद्ध होतो, मुले परदेशी असतात. पिंपातली वेल उचलता येते. अंगणात उतरलेली, कुंपणाखाली मुळे पसरलेली जुनी वेल उचलून नेणे बहुधा शक्य नसते, आणि मग तिचे देणे फेडण्याचा काडी हा एकच मार्ग उरतो. न्यायमताप्रमाणे ती काडी दुसऱ्याच आत्म्याचे शरीर असेल, तर त्या देण्याचा हक्क तिच्याकडे येत नाही आणि मूळ वेल देणे बाकी ठेवूनच तुटते. संततीच्या मताने मात्र प्रवाह चालू राहतो आणि देणेही त्याच्याबरोबर चालते. गृहस्थाने यातले दुसरे मत धरून वागावे, कारण पहिल्यात त्याची सुटका फार सोयीस्करपणे होते. परंतु काडी वर्षातून कधीही घेता येत नाही: पावसाळ्यात ती हिरवी आणि कोवळी असते, ऑक्टोबरपर्यंत ती पक्व होते. म्हणून दर गोडी छाटणीला दोन-तीन निरोगी काड्या वेगवेगळ्या घरी रुजायला देऊन ठेवणे हा त्याच्या नित्यकर्माचाच भाग ठरतो; पाडकामाची तारीख वेलीचा हंगाम पाहून ठरत नसते.